मेलानोमाच्या रुग्णाला आणि त्याच्या घराला आधार देताना : काय, केव्हा आणि कोणत्या क्रमाने करावे

मेलानोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग आहे. आपल्याकडे तो क्वचित आढळतो, त्यामुळे ज्या घरात त्याचे निदान होते त्या घराला आजूबाजूच्या अनुभवाचा फारसा उपयोग होत नाही. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगातून गेलेले कोणी ना कोणी मुंबईतल्या जवळपास प्रत्येक इमारतीत भेटते. मेलानोमाचे तसे नाही. म्हणून भेटायला येणारा प्रत्येक जण दुसऱ्याच कर्करोगाचा सल्ला या रुग्णाला देऊन जातो आणि घरचे लोक त्याप्रमाणे धावपळ करतात. आधी करायच्या गोष्टी राहून जातात आणि नंतर केल्या तरी चालतील अशा गोष्टींत पहिले पंधरा दिवस निघून जातात.

हा लेख रुग्णाच्या बाजूला उभे राहणाऱ्यांसाठी आहे : मुलगा, सून, मेहुणा, शेजारी, कार्यालयातला सहकारी. उपचार कोणता घ्यावा हे येथे सांगितलेले नाही, ते डॉक्टरच सांगतील.

१. सर्वांत आधी : एक जबाबदार माणूस आणि सगळे कागद

पहिले काम म्हणजे घरातील किंवा जवळच्या नात्यातील एका व्यक्तीकडे रुग्णालयाशी होणारा सर्व व्यवहार सोपवणे. ती व्यक्ती सर्वांत शिकलेली असण्याची गरज नाही. तिला रजा मिळू शकते का, ती शांतपणे लिहून घेते का आणि रुग्णाचा तिच्यावर विश्वास आहे का, एवढेच पाहावे. तिघांनी तीन डॉक्टरांना फोन केले की तीन अर्धवट उत्तरे मिळतात आणि संध्याकाळी घरात त्यावरून वाद होतो.

दुसरे काम कागदांचे. भारतीय रुग्णांत मेलानोमा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली किंवा गुदद्वार, तोंड, नाक यांच्या आतल्या अस्तरावर होतो. त्यामुळे तो सुरुवातीला कुरूप, चामखीळ, नखाचा बुरशीचा आजार, मधुमेहाची न भरणारी जखम किंवा मूळव्याध समजला जातो. जांघेतील गाठीला ‘पायाला लागल्यामुळे अवधाण आले असेल’ असे म्हणून महिनोन्‌महिने शेक दिला जातो. पुढे एखाद्या लहान नर्सिंग होममध्ये ती गाठ कापली जाते आणि तपासणीचा अहवाल आल्यावर सगळ्यांची झोप उडते. अशा वेळी हातात फक्त अहवालाची झेरॉक्स असते, तर मोठ्या रुग्णालयाला प्रत्यक्ष नमुना हवा असतो.

म्हणून जेथे गाठ काढली तेथे आणि ज्या प्रयोगशाळेत ती तपासली तेथे जाऊन पुढील गोष्टी मागून घ्याव्यात : मूळ अहवाल, काचेच्या स्लाइड, मेणात जतन केलेला नमुना म्हणजेच ब्लॉक, आणि शस्त्रक्रिया कशी केली याची नोंद. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बाहेर केलेल्या बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा तपासले जातात, आणि पुढे जनुकीय चाचणी करायची झाल्यास तीही याच ब्लॉकवर होते. ब्लॉक ही एकच वस्तू अशी आहे की ती हरवली तर पुन्हा तयार करता येत नाही.

*इशारा :* ब्लॉक मे महिन्याच्या उन्हात मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, आतले मेण वितळू शकते. तो कोणाकडे दिला, कोणत्या तारखेला दिला आणि पोच घेतली का, हे लिहून ठेवावे.

*तपासा :* फाइलमध्ये सर्वांत वर एक कागद असावा. त्यावर रुग्णाचे वय, मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास त्याची औषधे, ॲलर्जी, आधीच्या शस्त्रक्रिया आणि गाठ पहिल्यांदा कधी दिसली ते लिहावे. ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. हा कागद असला तर तो वेळ जुनी हकीकत सांगण्यात संपत नाही.

२. रुग्णाला सांगणे

‘आईला काही सांगू नका’ हा आपल्या घरांतला सर्रास निर्णय आहे आणि मेलानोमात तो हमखास अंगाशी येतो. रुग्णाला टाटाच्या फाटकातून आत नेल्यावर गुपित राहतच नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढील उपचारांत शरीरातील बारीकसारीक बदल रुग्णालाच ओळखायचे आणि सांगायचे असतात. आजार काय आहे हेच ज्याला माहीत नाही, तो दोन दिवस जुलाब झाले तरी ‘उगाच कशाला त्रास द्या’ म्हणून गप्प बसतो.

सांगण्याआधी रुग्णाला विचारावे : ‘तुम्हाला सगळे सविस्तर ऐकायचे आहे, की मुख्य गोष्टी सांगू?’ काहींना आकडे हवे असतात, काहींना फक्त पुढची पायरी. दोन्ही मान्य करावे. शक्य असल्यास हे बोलणे डॉक्टरांसमोर, जबाबदार व्यक्ती सोबत असताना व्हावे. भर ट्रेनमध्ये किंवा पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत होऊ नये.

या टप्प्यावर तीन गैरसमज आपणहून दूर करावेत. हा रोग संसर्गजन्य नाही. टॉवेल, चप्पल, ताट वेगळे ठेवण्याची काहीच गरज नाही. ‘चाकू लावला म्हणून पसरला’ हे खरे नाही. बायोप्सीशिवाय निदानच होत नाही. आणि तळपायावरील किंवा नखाखालील मेलानोमाचे मुख्य कारण ऊन हे नसते, त्यामुळे ‘आयुष्यभर उन्हात फिरलास म्हणून झाले’ असे बोलून रुग्णाला दोष देऊ नये. अशी वाक्ये बहुधा घरातील वडीलधारी मंडळीच बोलतात आणि रुग्ण ती वर्षानुवर्षे विसरत नाही.

*इशारा :* लहान मुलांनाही त्यांना समजेल इतके सांगावे. आजोबा अचानक लंगडू लागले आणि घरात कुजबुज सुरू झाली की मूल खऱ्यापेक्षा भयंकर असे काहीतरी मनाशी ठरवून टाकते.

३. अहवाल समजून घेणे आणि शस्त्रक्रियेआधी विचारायचे प्रश्न

इतर बऱ्याच गाठींमध्ये नातेवाईक ‘गाठ केवढी होती’ असे विचारतात. मेलानोमात रुंदीपेक्षा खोलीला अधिक महत्त्व असते. अहवालात ‘ब्रेस्लो जाडी’ या नावाने ती मिलिमीटरमध्ये दिलेली असते. एक मिलिमीटरपर्यंतची गाठ आणि चार मिलिमीटरपेक्षा जाड गाठ यांचा पुढचा प्रवास वेगळा असतो. त्यासोबत पृष्ठभागावर व्रण (अल्सर) होता का, कडा रोगमुक्त आहेत का आणि लसग्रंथींपर्यंत (लिम्फ नोडपर्यंत) रोग पोहोचला आहे का, या तीन नोंदी शोधाव्यात. जाडी अहवालात दिलेलीच नसेल तर तोच डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न.

येथे क्रमाची सर्वांत महागडी चूक होते. पहिल्या लहान शस्त्रक्रियेनंतर जखमेभोवतीची आणखी त्वचा काढावी लागते. जाडीनुसार साधारण एक ते दोन सेंटिमीटरपर्यंत. गाठ साधारण एक मिलिमीटरपेक्षा जाड असेल, तर ज्या ग्रंथीकडे रोग प्रथम जाऊ शकतो ती ‘सेंटिनल’ ग्रंथी काढून तपासण्याचा विचार केला जातो, आणि ही तपासणी त्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळीच होणे योग्य असते. आधी घाईने घराजवळ मोठी शस्त्रक्रिया करून त्वचारोपण केले आणि मग मोठ्या रुग्णालयात गेले, तर त्या भागातील लसवाहिन्यांचा मार्ग बदललेला असतो आणि नेमकी ग्रंथी सापडणे अवघड होते.

म्हणून दुसरे मत घ्यायचे असेल तर ते मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी घ्यावे, आणि शक्यतो मेलानोमाचे रुग्ण नियमित पाहणाऱ्या केंद्रातच घ्यावे. एक दुसरे मत पुरेसे असते. चौथ्या आणि पाचव्या मतासाठी दादर, अंधेरी आणि ठाणे अशा फेऱ्या मारण्यात आठवडे जातात आणि रुग्ण थकतो.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आदल्या रात्री रुग्णासोबत बसून कागदावर लिहावेत. रोग कोणत्या टप्प्यात आहे? सेंटिनल ग्रंथी तपासणार का? पेट स्कॅन किंवा मेंदूचा एमआरआय आवश्यक आहे का, आणि नसल्यास का नाही? ब्लॉकवर बीआरएएफ (BRAF) या जनुकातील बदलाची चाचणी करायची का, आणि तळपाय किंवा आतल्या अस्तराचा मेलानोमा असल्यास केआयटी (KIT) या जनुकाची चाचणीही करायची का? रुग्णाला चालता कधी येईल, कामावर कधी जाता येईल? शेवटचा प्रश्न नातेवाईकांना क्षुल्लक वाटतो. रुग्णाच्या मनात मात्र बहुधा तोच सर्वांत वर असतो.

*तपासा :* डॉक्टरांचे उत्तर लिहून झाल्यावर ते त्यांना एकदा वाचून दाखवावे. चुकीचे ऐकले असेल तर तेथेच दुरुस्त होते.

४. पैशाची व्यवस्था : उपचार सुरू होण्याआधी

बहुतेक मदत योजना झालेला खर्च परत देत नाहीत, त्या पुढील खर्चासाठी मंजुरी देतात. ‘आधी उपचार होऊ दे, मग बघू’ असे म्हणणाऱ्या कुटुंबांना हे कळते तेव्हा दागिने गहाण पडलेले असतात.

क्रम असा ठेवावा. प्रथम रुग्णालयातून खर्चाचे लेखी अंदाजपत्रक घ्यावे. त्यानंतर रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जावे. टाटामध्ये तसेच केईएम, सायन, नायर यांसारख्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा कार्यकर्ते असतात आणि आपल्या प्रकरणात कोणती योजना लागू होईल हे त्यांना चांगले ठाऊक असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, मात्र ठरावीक उपचारांसाठी, योजनेतील रुग्णालयात आणि पूर्वमंजुरी घेऊनच. आपल्याला सांगितलेला उपचार त्या यादीत बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या तेथील प्रतिनिधीकडे, आधी विचारावे. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि सिद्धिविनायक मंदिर न्यासाची वैद्यकीय मदत यांचे अर्जही अंदाजपत्रक हाती असतानाच करावेत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि आधार यांच्या प्रत्येकी पाच-सहा प्रती आधीच काढून ठेवाव्यात. दाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज पहिल्याच आठवड्यात करावा.

खासगी धर्मादाय रुग्णालयात उपचार होणार असतील, तर तेथे निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात हे लक्षात ठेवावे आणि दाखल होतानाच तसा लेखी अर्ज द्यावा. पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) वर्गणी कापली जात असेल तर कर्करोगासाठी वाढीव आजारपण भत्ता मिळू शकतो. त्याची चौकशी रुग्णाच्या सहकाऱ्याने कार्यालयात जाऊन करावी. सहकाऱ्याने करण्यासारखी इतकी उपयोगी मदत दुसरी क्वचितच सापडेल.

*इशारा :* मेडिक्लेम असलेल्यांनी पॉलिसीतील ‘आधुनिक उपचार’ हे कलम वाचावे. इम्युनोथेरपीची इंजेक्शने आणि तोंडावाटे घ्यायची कर्करोगाची औषधे त्यात येतात आणि बऱ्याच पॉलिसींत त्यांना एकूण रकमेपेक्षा कमी अशी वेगळी मर्यादा असते. ही मर्यादा पहिल्या इंजेक्शनच्या आधी कळली पाहिजे, तिसऱ्यानंतर नव्हे.

गावाहून आलेल्या रुग्णासाठी राहण्याची सोय हा निम्मा प्रश्न असतो. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळमधील नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन येथे रुग्ण व नातेवाईकांची सोय होते. जागा मर्यादित असल्याने रुग्णालयाचे कागद घेऊन आधीच विचारावे. उपचारासाठी लांब पल्ल्याच्या रेल्वे प्रवासात कर्करुग्णाला आणि सोबतच्या एका व्यक्तीला भाड्यात सवलत मिळते; त्यासाठीचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो. लोकलमध्ये दिव्यांगांसाठीच्या डब्यातून कर्करुग्णांना प्रवास करता येतो, पण प्रमाणपत्र खिशात असावे, फाइलच्या तळाशी नव्हे.

५. शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे घर

तळपायावर त्वचारोपण झाले असेल तर डॉक्टर सांगतील तोपर्यंत, बहुधा काही आठवडे, त्या पायावर भार देता येत नाही. मुंबईच्या घरात याचा अर्थ काय होतो हे आधी पाहावे. चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि सार्वजनिक शौचालय वापरणाऱ्या रुग्णासाठी कमोडची खुर्ची, कुबड्या किंवा वॉकर आणि काही काळ तळमजल्यावरच्या नातेवाइकाची खोली, ही तयारी दाखल होण्याआधी व्हायला हवी. डिस्चार्जच्या दिवशी टॅक्सी इमारतीखाली उभी करून ‘आता वर कसे न्यायचे’ यावर चर्चा करणे म्हणजे रोपण केलेल्या त्वचेचा जीव धोक्यात घालणे आहे.

पावसाळ्यात ड्रेसिंगसाठीच्या फेऱ्या दादर-परळच्या हिंदमाता परिसरात साचणारे पाणी लक्षात घेऊन ठरवाव्यात. पाय प्लॅस्टिकने झाकावा, पण घरी पोहोचताच ते काढावे. आत ओल कोंडली तर जखम बिघडते.

काखेतील किंवा जांघेतील ग्रंथी काढल्या असतील तर रुग्ण अनेकदा नळी आणि डबीसह घरी येतो. रोज एकाच वेळी डबीतील द्रव मोजून तारखेसह वहीत लिहावा. नळी केव्हा काढायची हे डॉक्टर त्या आकड्यांवरून ठरवतात. पुढे हाता-पायाला सूज येण्याची शक्यता कायम राहते. शक्यतो त्या हातावर रक्तदाब मोजू नये, त्या पायाला जखम होऊ देऊ नये आणि सूज दिसताच फिजिओथेरपिस्टला दाखवावे. तेल लावून जोरात चोळणे टाळावे, मग चोळणारा कितीही जवळचा आणि प्रेमळ असो.

*तपासा :* ताप, जखमेतून दुर्गंधी, वाढती लाली किंवा रोपण काळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

६. इम्युनोथेरपी आणि लक्ष्यवेधी औषधे : केमोचे नियम येथे लावू नका

काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर, तर काहींना रोग पसरल्यावर निवोलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इंजेक्शने दिली जातात. ही केमोथेरपी नव्हे. सहसा केस गळत नाहीत आणि पांढऱ्या पेशी केमोइतक्या घटत नाहीत, म्हणून रुग्णाला खोलीत कोंडून ठेवण्याची किंवा गणपतीला घरी कोणी येऊ नये असे फर्मान काढण्याची गरज नसते. धोका वेगळ्याच बाजूने येतो. या औषधांनी शरीराची प्रतिकारशक्ती मोकळी सुटते आणि कधी कधी ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. आतडे, फुप्फुस, यकृत, थायरॉइड, त्वचा, यांपैकी कोठेही दाह होऊ शकतो. तो पहिल्या इंजेक्शननंतर काही आठवड्यांत होऊ शकतो, तसा उपचार थांबल्यानंतर काही महिन्यांनीही.

चूक नेमकी येथे होते. जुलाब लागले की गल्लीतील डॉक्टर अन्नविषबाधा समजून औषध देतात. खोकला झाला तर ‘हवा बदलली’ असे ठरते. दाह असेल तर त्यावर बहुधा स्टेरॉइड द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास स्थिती गंभीर होते. म्हणून घरच्यांनी रुग्णाला नेहमीपेक्षा अधिक वेळा शौचाला जावे लागणे, शौचातून रक्त, नवा खोकला किंवा धाप, डोळे पिवळे होणे, अंगभर पुरळ, असह्य थकवा, तीव्र डोकेदुखी यांची यादी स्वयंपाकघरात चिकटवावी आणि त्यातील काहीही दिसल्यास त्याच दिवशी कर्करोगतज्ज्ञांच्या विभागाला कळवावे. घराजवळच्या डॉक्टरांकडे गेलेच, तर पहिले वाक्य ‘इम्युनोथेरपी चालू आहे’ किंवा ‘झालेली आहे’ हेच असावे. त्या औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या पाकिटात असावी.

बीआरएएफ बदल आढळलेल्या रुग्णांना डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या लक्ष्यवेधी गोळ्या दिल्या जाऊ शकतात. त्यांत ताप येणे नेहमीचे आहे; त्या वेळी गोळ्या थांबवायच्या का हे डॉक्टरांना विचारून ठरवावे, स्वतःच्या मनाने नाही. या गोळ्या रिकाम्या पोटी, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायच्या असतात, म्हणून सणासुदीला जेवणाच्या वेळा बदलल्या की गोळीची वेळही पाहावी.

*इशारा :* काढे, भस्मे आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ चूर्णे डॉक्टरांना न सांगता देऊ नयेत. यकृताला सूज आली तर ती इंजेक्शनामुळे की काढ्यामुळे हे ठरवता येत नाही, आणि कधी कधी त्यापायी चालू असलेला उपयोगी उपचार थांबवावा लागतो.

७. येणारे-जाणारे आणि सेवा करणारा माणूस

भेटायला येणाऱ्यांसाठी वेळ ठरवावी आणि ती जबाबदार व्यक्तीने कळवावी, म्हणजे रुग्णाला कोणाला नाही म्हणावे लागत नाही. बातमी एकाच व्हॉट्सॲप संदेशातून सर्वांना द्यावी. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणणाऱ्याला त्याच क्षणी काम द्यावे : मंगळवारचा डबा, ड्रेसिंगला नेणे, मुलांची शिकवणी, तहसील कार्यालयातील रांग. बहुतेकांना मदत करायची असते, कोणती करावी हे सुचत नसते.

रुग्णाशी बोलताना दुसऱ्याच्या आजाराची गोष्ट सांगू नये, मग ती बऱ्या झालेल्या माणसाची का असेना. अंगावरील व्रणाकडे किंवा कापलेल्या बोटाकडे पाहून न पाहिल्यासारखे करण्यापेक्षा ‘दुखते का?’ असे सरळ विचारलेले बरे.

सेवा करणारी व्यक्ती बहुधा पत्नी किंवा सून असते आणि तिची चौकशी कोणी करत नाही. आठवड्यातून एक पूर्ण दिवस तिच्या जागी दुसऱ्याने बसावे, आणि तो दिवस तिने बाजारहाट उरकण्यात घालवू नये. रुग्णाला किंवा तिला झोप न येणे, सतत रडू येणे, जेवण टाकणे असे दोन आठवडे चालले तर ते ‘साहजिकच आहे’ म्हणून सोडून देऊ नये. रुग्णालयातील समुपदेशकाला सांगावे; शासनाच्या टेलिमानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

८. उपचार संपल्यावर, आणि उपचार लागू न पडल्यास

उपचार संपताच मदतीचे हात आखडतात, आणि रुग्णाची भीती नेमकी तेव्हाच वाढते. पहिली दोन-तीन वर्षे तपासणीसाठी साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी जावे लागते. त्या तारखेच्या आधीचा आठवडा सर्वांत वाईट जातो. त्या आठवड्यात सोबत कोण जाणार हे महिनाभर आधी ठरलेले असावे. महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात रुग्णाची पाठ, टाळू, तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखे दुसऱ्याने पाहावीत, व्रणाजवळ आणि काखा-जांघेत गाठ लागते का ते चाचपावे आणि शंकास्पद डागाचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढावा.

रोग पुढे गेला तर वेदनाशामक सेवेकडे, म्हणजे पॅलिएटिव्ह विभागाकडे, लवकर जावे. ही सेवा उपचार चालू असतानाही घेता येते. ती ‘शेवटच्या चार दिवसांची’ आहे असे समजून कुटुंबे रुग्णाला विनाकारण दुखण्यात ठेवतात. मॉर्फिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिल्यास त्याच्या सवयीची भीती बाळगण्याचे कारण नाही. बद्धकोष्ठतेचे औषध मात्र सोबत सुरू करून घ्यावे. घरी सांभाळणे अशक्य झाल्यास वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांची काळजी घेत आहे. बँक खाते, नामनिर्देशन, मृत्युपत्र आणि शेवटचे दिवस घरी की रुग्णालयात, हे रुग्णाला बोलता येते तोवर त्यालाच विचारावे. विषय काढणे अशुभ आहे म्हणून तो टाळला जातो आणि मग हे निर्णय सहीसाठी कागद पुढे केलेल्या अतिदक्षता विभागाच्या दारात घ्यावे लागतात.

रुग्णाची भावंडे आणि मुले यांनी एकदा त्वचारोगतज्ज्ञाला संपूर्ण त्वचा दाखवावी, तळपाय आणि नखांसह. नखांवरचे पॉलिश काढून जावे. सोबत रुग्णाच्या बायोप्सी अहवालाची प्रत न्यावी. नखातील काळी रेघ रुंद होत असेल किंवा काळेपणा नखाच्या कडेच्या त्वचेवर उतरला असेल, तर ‘मार लागला असेल’ असे ठरवण्याआधी ती दाखवावी.